एंडोमेट्रिओसिस घरी सांभाळताना : निदानानंतरचं एक वर्ष

६ जानेवारी २०२५ला सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आला. डाव्या अंडाशयात ३.८ सेंमीची एंडोमेट्रिओमा, म्हणजे सगळे जिला चॉकलेट सिस्ट म्हणतात ती गाठ. शिवाय गर्भाशयाची मागची बाजू आतड्याला चिकटल्यासारखी. डॉक्टर म्हणाल्या, आत्ता ऑपरेशन नको. आधी दोन पाळ्यांची नीट नोंद ठेवा, मग हॉर्मोनची गोळी सुरू करू. पाळीचं जे दुखणं इतकी वर्षं 'सगळ्यांनाच होतं' होतं त्याला नाव मिळालं, एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर रुजणं. म्हणून घरी येताना चक्क हलकं वाटत होतं. ते रात्रीपर्यंत टिकलं. मग लक्षात आलं की पुढची पाळी आठवड्यावर आहे आणि घरी, ऑफिसात, रात्री दोन वाजता नेमकं काय करायचं हे त्या फाइलीत कुठेच लिहिलेलं नाही.

ते जमवायला वर्ष लागलं. ज्यांच्या हातात नुकताच असा रिपोर्ट पडलाय त्यांच्यासाठी क्रमाने लिहिते आहे. यातले डोस माझ्या डॉक्टरांनी मला लिहून दिलेले आहेत. तुम्ही तुमच्या चिठ्ठीप्रमाणेच घ्या. तरी आकडे देतेय, कारण काय विचारायचं हेच माहीत नसलं की डॉक्टरांसमोरची दहा मिनिटं फुकट जातात.

एक नियम पहिल्याच दिवशी ठरवला आणि जमेल तेवढा पाळला : एका वेळी एकच बदल, आणि तो निदान दोन पाळ्या किंवा आठ आठवडे. शेक, गोळी, आहार, व्यायाम सगळं एकदम सुरू केलं आणि बरं वाटलं, तर कशाने वाटलं ते कळत नाही. मग सगळंच आयुष्यभर करत बसावं लागतं, आणि ते कुणाच्याच्याने होत नाही.

जानेवारी : रिपोर्ट आणि फाइल

२०२२ आणि २०२४मधल्या माझ्या दोन्ही सोनोग्राफ्या 'नॉर्मल' होत्या. त्या पोटावरून केलेल्या होत्या. पोटावरून मोठी गाठ दिसते, पण गर्भाशयामागे किंवा आतड्यावर रुजलेले या ऊतीचे डाग सहसा दिसत नाहीत. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत खोलवरचे डाग दिसू शकतात, तेही तपासणाऱ्याने मुद्दाम शोधले तर. वरवरचे बारीक डाग तर तिथेही सहसा सापडत नाहीत. तेव्हा 'सोनोग्राफी नॉर्मल' म्हणजे 'काही नाही' असं धरून घरी बसू नका.

या वेळी फरक पडला तो चिठ्ठीमुळे. नुसतं 'ओटीपोटाची सोनोग्राफी' न लिहिता डॉक्टरांनी 'एंडोमेट्रिओसिसचा संशय, स्लायडिंग साइन पाहावी' असं लिहिलं होतं. प्रोबने हलका दाब दिला की गर्भाशय आणि आतडं एकमेकांवरून सरकायला हवेत. ते सरकत नसतील तर मध्ये काहीतरी चिकटलंय. चिठ्ठीवर हे असलं की तपासणाराही वेळ देतो. मी बाहेर चाळीस मिनिटं थांबले, आत पंचवीस मिनिटं लागली, २,२०० रुपये झाले. पोटावरून करायची असेल तर लघवी तुंबवून ठेवावी लागते, आतून करायची असेल तर मूत्राशय रिकामं लागतं. अपॉइंटमेंट घेतानाच विचारून घ्या, उगाच लिटरभर पाणी पिऊन तळमळत बसू नका.

लग्न न झालेल्या मुलींची आतून तपासणी बऱ्याच सेंटरवर करत नाहीत. खरं तर विचारायचा प्रश्न शरीरसंबंध आलाय का हा आहे, लग्नाचा नाही. तो नसेल आणि पोटावरून काही दिसत नसेल, तर डॉक्टर एमआरआय किंवा गुदमार्गातून सोनोग्राफी सुचवू शकतात. दुर्बिणीतून आत बघितल्याशिवाय निदानच नाही, हे आता जुनं झालं. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही आधी तपासणी आणि सोनोग्राफी किंवा एमआरआय, मग गरज पडली तरच दुर्बीण, असं आहे. सीए-१२५ ही रक्ततपासणी मला कुणीतरी 'करून टाक' म्हणून सुचवली होती. डॉक्टरांनी नको म्हटलं. पाळी चालू असतानाही तो आकडा वाढतो, फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ) असेल तरी वाढतो, आणि एंडोमेट्रिओसिस असूनही नॉर्मल येऊ शकतो.

फाइलीबद्दल एक. सोनोग्राफीचे ते चकचकीत कागदावरचे फोटो थर्मल असतात. उष्णता लागली की काळे पडतात. लॅमिनेट करायला दिलेत तर मशीनमधून काळी पट्टीच बाहेर येते. माझी फाइल पलंगावर होती, तिच्यावर गरम पाण्याची पिशवी तासभर पडून राहिली आणि गाठीचा फोटो गेला. रिपोर्टचा कागद शाबूत होता म्हणून निभावलं. सेंटरमधून बाहेर पडायच्या आत सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

फेब्रुवारी : नोंद

पाळीची ॲप दोन दिवस वापरून पाहिली आणि काढून टाकली. रात्री कळा येत असताना फोन उघडून चेहऱ्यांची चित्रं कोण निवडत बसणार? स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कालनिर्णय घेतलं. दुधाचे खाडे आम्ही त्यावरच लिहितो. त्याच चौकोनात कोपऱ्यात पेन्सिलने चार गोष्टी : दुखण्याचा ० ते १० आकडा, रक्तस्राव (डाग, मध्यम, जास्त), शौचाला दुखलं तर एक टिंब, आणि गोळी किती वाजता घेतली.

आकड्यांचे अर्थ आधी ठरवून घ्या, नाहीतर दर महिन्याचा सात वेगळा असतो. माझे असे : ३ म्हणजे जाणवतं पण विसरता येतं. ५ म्हणजे गोळी लागते पण पोळ्या लाटता येतात. ७ म्हणजे उभं राहवत नाही. ९ म्हणजे घाम, उलटी, बोलायलाही नको. एका ओळीत हे कालनिर्णयाच्या कडेला लिहून ठेवलं.

दोन पाळ्यांत चार गोष्टी दिसल्या. दुखणं रक्त दिसण्याच्या दीड-दोन दिवस आधी सुरू होतं. कंबर आधी भरून येते, पोट नंतर. पहिल्या दोन दिवसांत शौचाला बसताना आत सुरी फिरल्यासारखं होतं, जे मी तोवर बद्धकोष्ठ समजत होते. आणि गोळी मी दर वेळी आकडा ७ झाल्यावर घेत होते. कळ काढायची सवय, दुसरं काय.

१० मार्चला डॉक्टरांकडे जाताना याचा तीन ओळींचा सारांश नेला : महिन्यातले किती दिवस ५च्या वर, किती दिवस काम बुडालं, शौच, लघवी आणि संबंधाच्या वेळी दुखतं का. शेवटचा प्रश्न तोंडाने सांगायला जड जातो. कागदावर असला की डॉक्टर स्वतःच विचारतात. तोंडी 'खूप दुखतं' म्हटलं होतं तेव्हा 'बरं' असं उत्तर मिळालं होतं. 'महिन्यात नऊ दिवस ५च्या वर, साडेतीन दिवस रजा' म्हटल्यावर पेन उचललं गेलं.

वेदनाशामक गोळी : वेळ चुकते, गोळी नाही

पाळीच्या सुमारास प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, त्यांनी गर्भाशय आवळतं आणि कळा येतात. मेफेनॅमिक ॲसिड, नॅप्रोक्सेन, आयबुप्रोफेन या गोळ्या ती रसायनं तयार होणं थांबवतात. आधीच तयार झालेल्यांचं त्या काही करू शकत नाहीत. म्हणून कळ टिपेला गेल्यावर घेतलेली गोळी दीड तास काहीच करत नाही, आणि आपण म्हणतो, 'मला ही लागूच पडत नाही.'

मला नॅप्रोक्सेन ५०० मिग्रॅ लिहून दिली होती. कंबर भरून यायला लागली की पहिली, मग बारा तासांनी, असं तीन दिवस घड्याळाप्रमाणे, जेवणानंतर. सकाळी उपाशीपोटी आम्लासाठी पँटोप्रॅझोल. फेब्रुवारीच्या पाळीत आकडा ८ होता. मार्चच्या पाळीत तीच गोळी वेळेवर घेतली तर ६. फुकटात दोन आकडे उतरले.

इथे होणाऱ्या चुका मी बहुतेक सगळ्या केल्या आहेत. एक, रिकाम्या पोटी गोळी. उलटीच्या भीतीने जेवण टाळायचं आणि गोळी घ्यायची, मग जठर पेटतं. अर्धी वाटी दहीभात किंवा एक केळंसुद्धा चालतं. दोन, मेफेनॅमिक ॲसिड घेऊन फरक पडला नाही म्हणून दोन तासांनी कॉम्बिफ्लाम. त्यात आयबुप्रोफेन आहे, म्हणजे एकाच जातीच्या दोन गोळ्या झाल्या. दुखणं कमी होत नाही, मूत्रपिंड आणि जठरावरचा भार मात्र वाढतो. मधल्या वेळी काही हवंच असेल तर नुसतं पॅरासिटामॉल चालेल का, ते डॉक्टरांना विचारून ठेवावं. तीन, मेफ्टाल स्पास. घराघरांत असते, पण तिच्यात मेफेनॅमिक ॲसिड २५० मिग्रॅच्या जोडीला डायसायक्लोमाइन १० मिग्रॅ असतं. ते आतड्याची हालचाल मंदावतं. तोंड कोरडं पडतं आणि शौचाला खडा होऊ शकतो. ज्यांना शौचालाच दुखतं त्यांच्यासाठी हे म्हणजे आगीतून फुफाट्यात.

मेफेनॅमिक ॲसिडबाबत इंडियन फार्माकोपिया कमिशनने नोव्हेंबर २०२३मध्ये सावधगिरीची सूचना काढली होती. क्वचित कुणाला त्याची तीव्र ॲलर्जी येते : ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं, यकृतासारख्या अवयवांना इजा. गोळी सुरू केल्यापासून दोन ते आठ आठवड्यांत असं काही दिसलं तर गोळी बंद आणि लगेच डॉक्टर. दमा, अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, किंवा दिवस राहिल्याची शंका असेल, तर ही सगळी जातच विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

शेक

रबरी पिशवीत उकळतं पाणी ओतायचं नाही. उकळल्यावर पाच-सात मिनिटं थांबायचं. दोन तृतीयांश भरायची, आडवी धरून आतली हवा दाबून काढायची आणि मगच बूच लावायचं. हवा राहिली की पिशवी पोटावर बसत नाही, घरंगळते. वर सुती कापड, आणि एका वेळी वीस मिनिटं. दिवसभर थेट कातडीवर शेकत राहिलं की पोटावर तपकिरी जाळी उमटते, ती पुसली जात नाही, महिनोन् महिने राहते. माझ्या डाव्या कुशीवर अजून पुसट आहे. पिशवी घेऊन झोपू नका. बुचाजवळचं रबर चिरलेलं दिसलं की कितीही जीव जडला असला तरी फेकून द्या. ऑफिससाठी चिकटवायच्या गरम पट्ट्या मिळतात, त्या आतल्या कपड्यावर लावायच्या, कातडीवर नाही.

मार्च ते जून : डायनोजेस्ट

१४ मार्चला, धुळवडीच्या दिवशी, पाळीच्या दुसऱ्या दिवशी पहिली गोळी घेतली. २ मिग्रॅ, रोज रात्री साडेनऊला, मध्ये खंड न पाडता. हीच ती हॉर्मोनची गोळी, प्रोजेस्टिन नावाच्या हॉर्मोनच्या जातीची. अंडाशयाचं काम थोडं मंदावतं, इस्ट्रोजेन उतरतं, आणि बाहेर रुजलेल्या ऊतीला मिळणारं खत कमी होतं. गोळी चालू आहे तोवर उपयोग. बंद केली की त्रास परत येऊ शकतो, हे सुरुवातीलाच कळलेलं बरं.

पहिले तीन महिने कंटाळवाणे जातात. पाळी थांबत नाही, विस्कटते. मला एप्रिलमध्ये एकोणीस दिवस रक्ताचे डाग लागत होते. पातळ पॅड रोजचंच झालं. 'गोळी लागू पडत नाही' म्हणून बहुतेक जणी इथेच ती सोडून देतात. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं म्हणून मी टिकले. मेच्या शेवटी डाग कमी झाले, १८ जूननंतर थांबले. पण डाग जास्त आहेत, तासाला एक पॅड भिजतंय, चक्कर येतेय, तर थांबून बघत बसायचं नाही, फोन करायचा.

दुसरा त्रास मनाचा. चौथ्या आठवड्यात भाजी चिरताना विनाकारण रडू यायचं. मी तेही चौकोनात लिहिलं : 'र'. तीन आठवड्यांत अकरा 'र' झाले, मग डॉक्टरांना कळवलं. पुढच्या महिन्यात ते आपसूक ओसरलं. ज्यांना आधी नैराश्याचा त्रास झालेला आहे त्यांनी हे गोळी सुरू करण्याआधी सांगायला हवं, आणि घरच्या एकाला तरी लक्ष ठेवायला सांगावं.

आता गोळीचा व्यवहार. गोळी विसरली तर आठवताच घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी पुढची. गोळी घेतल्यावर तीन-चार तासांत उलटी किंवा जुलाब झाले तर आणखी एक घ्यायची. संततिनियमनाची गोळी म्हणून हिच्यावर विसंबायचं नाही. निरोध किंवा हॉर्मोन नसलेलं दुसरं साधन लागतंच. क्षयरोगाचं रिफाम्पिसिन आणि फिट्सची काही औषधं हिचा असर कमी करतात, म्हणून चालू असलेल्या प्रत्येक औषधाचं नाव सांगा. मेडिकलवाल्याकडे ही दर वेळी असतेच असं नाही. आठ गोळ्या उरल्या की मी पुढची पाकिटं सांगून ठेवते. कंपनीगणिक किमतीत बराच फरक असतो. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घेतलं तर निवडता येतं. मला महिन्याला सरासरी १,३५० रुपये पडतात.

इस्ट्रोजेन उतरतं तेव्हा हाडांचाही विचार हवा, म्हणून ड जीवनसत्त्व तपासलं, ते कमी, १४ निघालं. आठवड्याला ६०,००० युनिटचं एक पाकीट, आठ आठवडे, दुधातून. हे रोज घ्यायचं नसतं. मेडिकलमध्ये घाईत सांगताना हमखास घोळ होतो, म्हणून कालनिर्णयात दर रविवारी 'ड' लिहून ठेवला.

जूनच्या सोनोग्राफीत गाठ ३.४ सेंमी. महिन्यातले ५च्या वरचे दिवस नवावरून तिनावर. पोट फुगणं आणि शौचाचं दुखणं मात्र जवळपास होतं तसंच.

आषाढी ते गणपती : ताटातले बदल

पोट फुगण्याचं एक कारण आतड्यात आंबणाऱ्या शर्करा. गहू, कांदा, लसूण, कडधान्यं, दूध, काही फळं यांत त्या असतात. त्या काही आठवडे काढून मग एकेक परत आणून बघायची पद्धत आहे, लो फॉडमॅप म्हणतात तिला. याने एंडोमेट्रिओसिस बरा होत नाही, फक्त आतड्याची कुरकुर कमी होऊ शकते. मी ६ जुलैला, आषाढी एकादशीला सुरू केलं. चातुर्मासात कांदा-लसूण बंद म्हटलं की घरात आणि लोकांकडेही कुणी प्रश्न विचारत नाही. यापेक्षा सोयीचं निमित्त मराठी घरात दुसरं नाही.

चार आठवडे असे : पोळीऐवजी ज्वारीची भाकरी किंवा भात, नाश्त्याला कांदा न घालता पोहे. राजमा, छोले, चवळी बंद. मुगाची पातळ डाळ अर्धी वाटी. दूध चहापुरतं. फ्लॉवर, मश्रूम, सफरचंद, आंबा, कलिंगड बंद. पपई, संत्रं, द्राक्षं चालू. केळं घट्ट असतानाच, पिकून काळे ठिपके पडले की नाही.

फसायला होतं ते लपलेल्या वस्तूंनी. कांदा-लसूण मसाला तर नावातच आहे, पण शेंगदाण्याच्या चटणीत, फरसाणात, तयार सूपमध्ये लसूण असतो. आणि हिंग! कांद्याऐवजी हिंग घाला असं सगळे सांगतात, पण डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. तांदळाच्या पिठातला मिळतो, डबीच्या मागे बघून घ्या. लसणाच्या चवीची मात्र युक्ती आहे. त्रास देणारी शर्करा पाण्यात विरघळते, तेलात नाही. चार पाकळ्या अख्ख्या तेलात मंद आचेवर लालसर होईपर्यंत तळायच्या, पाकळ्या काढून टाकायच्या आणि त्या तेलाची फोडणी करायची. आमटीत लसूण नाही पण वास पूर्ण. पाकळी तेलात राहता कामा नये, आणि हे तेल करून साठवू नका, रोज ताजं. लसूण घातलेलं तेल तसंच ठेवलं तर त्यात विषारी जिवाणू वाढू शकतात.

परत आणताना एका वेळी एक पदार्थ, तीन दिवस वाढत्या प्रमाणात, मग तीन दिवस विश्रांती. गव्हाने मला फार काही झालं नाही, एक-दोन पोळ्या चालतात. कांद्याने झालं, कच्च्याने जास्त. चवळीने रात्रभर जागवलं. दुधाचं काहीच नव्हतं. ही यादी माझी, तुमची वेगळी निघेल. चार-सहा आठवड्यांच्या पुढे सगळंच बंद ठेवणं चूक आहे. ताट उगाच लहान होतं आणि हिमोग्लोबिन उतरतं. वजन कमी असेल किंवा खाण्याची भीती बसलेली असेल तर आहारतज्ज्ञाशिवाय याच्या वाटेला जाऊच नका.

शौचासाठी इसबगोल, एक चमचा, पेलाभर पाण्यात, रात्री. वर आणखी एक पेला पाणी हवंच. कमी पाण्यात घेतलं तर आतच गोळा होतो. गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर.

सप्टेंबर-ऑक्टोबर : श्रोणीचे (ओटीपोटाच्या तळाचे) स्नायू

वर्षानुवर्षं दुखत असलं की आपण नकळत खालचे स्नायू आवळून धरतो. मग ते आवळलेलेच राहतात आणि स्वतंत्रपणे दुखायला लागतात. मी जानेवारीत एका व्हिडिओवरून केगलचे, म्हणजे हे स्नायू आवळायचे व्यायाम सुरू केले होते आणि दुखणं वाढलं म्हणून सोडले होते. फिजिओथेरपिस्टने कारण सांगितलं : आधीच घट्ट असलेल्या स्नायूला आणखी आवळायला लावलं. मला सैल करायला शिकायचं होतं. सहा सत्रं, प्रत्येकी ९०० रुपये. आतून तपासणी करायची की नाही ते आपण ठरवायचं, नाही म्हटलं तरी बाकीचं शिकवतात. श्रोणीचं काम करणारी व्यक्ती शोधायला तीन आठवडे गेले. गुडघे-खांदे करणाऱ्यांकडे जाऊन उपयोग नाही.

रोजचं काम एवढंच : पाठीवर झोपून गुडघे वर, एक हात पोटावर. चार आकड्यांत नाकाने श्वास आत, पोट वर येताना खालचा भाग फुलतोय, खाली उतरतोय असं जाणवू द्यायचं. सहा आकड्यांत बाहेर. जोर लावायचा नाही. पाच मिनिटं, दोनदा. मग बालासन आणि सुप्त बद्धकोणासन, मांड्यांखाली उशा, दोन-दोन मिनिटं. ताण जाणवला पाहिजे, दुखता कामा नये.

आणि कमोडवर बसताना पायाखाली दोन पाट. गुडघे कमरेच्या वर येतात आणि आतड्याचा बाक सरळ होतो. श्वास कोंडून जोर करण्याऐवजी 'हूऽऽ' करत श्वास सोडायचा. सगळ्या वर्षात मला सर्वांत स्वस्तात मिळालेली गोष्ट हे पाट. घरात होतेच, माळ्यावर.

नोव्हेंबर : टेन्स

कातडीवरून सौम्य वीज सोडून दुखणं बोथट करणारं छोटं बॅटरीचं यंत्र, १,८५० रुपये. चार पट्ट्या : दोन ओटीपोटावर, दोन कमरेच्या खाली माकडहाडाच्या वर. वेग १०० हर्ट्झच्या आसपास, तीव्रता मुंग्या जोरात जाणवतील पण स्नायू उडणार नाही इतकी, अर्धा तास. दहा मिनिटांनी सवय होते, मग एक पायरी वाढवायची. कातडी कोरडी हवी, तेल किंवा क्रीम लावलं असेल तर पट्टी एका दिवसात निकामी. वापरून झाल्यावर प्लॅस्टिकवर परत चिकटवून ठेवली तर वीसेक वेळा चालते. पेसमेकर असेल तर नाही, गरोदरपणी पोटावर नाही, झोपेत किंवा गाडी चालवताना नाही. माझं मत : ६चा ४ होतो, ८चा काहीच होत नाही. बसमधून येताना कुर्त्याच्या आत चालतं, एवढ्यासाठी ठेवलंय.

ऑफिस आणि विमा

डॉक्टरांकडून एक पत्र घ्या : आजार दीर्घकालीन आहे, महिन्यात एक-दोन दिवस घरून काम करू द्यावं, बसण्याच्या जागी शेक चालावा. आजाराचं नाव लिहायचं की नुसतं 'स्त्रीरोगविषयक' ते तुम्ही ठरवा. पत्रावर तारीख आणि नोंदणी क्रमांक नाही म्हणून माझं पत्र एकदा परत आलं.

विम्याचं म्हणाल तर सोनोग्राफी, फी, रोजच्या गोळ्या हे सगळं ओपीडी, साध्या पॉलिसीत मिळत नाही. स्वतःच्या पॉलिसीत अशा आजारांच्या ऑपरेशनला बहुधा दोन वर्षांची प्रतीक्षा असते. आधीपासून असलेल्या आजारासाठी २०२४पासून ती जास्तीत जास्त ३६ महिने आहे. नवी पॉलिसी घेताना निदान लपवू नका, त्याच एका कारणावर पुढे दावा नाकारला जाऊ शकतो. कंपनीच्या सामूहिक विम्यात प्रतीक्षा बऱ्याचदा नसते, ते एचआरकडून लेखी विचारून घ्या. फोनवरच्या 'हो मॅडम'ला अर्थ नाही.

डिसेंबर

कपाटाच्या दाराच्या आत एक कागद चिकटवला आहे. घरच्यांसाठी जास्त, कारण त्या अवस्थेत आपल्याला ठरवता येत नाही. अचानक एका बाजूला असह्य दुखणं आणि सोबत उलट्या : गाठ फुटलेली किंवा अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. ताप आणि पोटात दुखणं. शुद्ध हरपणं. दिवस राहिल्याची शंका असताना दुखणं. शौच आणि वारा दोन्ही बंद आणि पोट टम्म. कुशीत पाठीमागे सतत दुखणं, कारण मूत्रवाहिनी दाबली गेली तर मूत्रपिंड फारसा गाजावाजा न करता बिघडतं. पाळीच्या दिवसांत दर महिन्याला छातीत किंवा उजव्या खांद्यात दुखणं, धाप लागणं. यांतलं काहीही झालं तर शेक नाही, गोळी नाही, सरळ हॉस्पिटल. वर हॉस्पिटलचा नंबर, रक्तगट, चालू औषधं.

२२ डिसेंबरच्या सोनोग्राफीत गाठ ३.१ सेंमी. नोव्हेंबरमध्ये ५च्या वरचा एक दिवस, रजा शून्य. शौचाच्या दुखण्याची टिंबं महिन्याला दोन-तीन, आधी सात-आठ असायची. संबंधाच्या वेळचं दुखणं कमी झालंय, गेलेलं नाही. थकवा तसाच आहे, त्यावर यातल्या कशाचाच मोठासा उपयोग झाला नाही.

वर्षाचा खर्च : तीन सोनोग्राफ्या ६,६००, डॉक्टरांच्या पाच भेटी ५,०००, डायनोजेस्ट १३,५००, फिजिओ ५,४००, टेन्स आणि पट्ट्या २,४५०, रक्ततपासण्या २,४००. एकूण ३५,३५० रुपये. वेदनाशामक गोळ्या, इसबगोल आणि पिशव्या वेगळ्या, त्यांचा हिशेब ठेवला नाही.

पुढच्या भेटीसाठी तीन प्रश्न लिहून ठेवलेत : ही गोळी आणखी किती वर्षं, हाडांची घनता कधी तपासायची, आणि मूल हवं असेल तर गोळी किती आधी थांबवायची. भेट ९ मार्चला आहे. तोवर पेन्सिल कालनिर्णयाला दोऱ्याने बांधून ठेवली आहे, कारण ती रोज कुणीतरी दुधाचा खाडा लिहायला नेतं आणि परत आणत नाही.